दाराआडची बाई

साफी, ९ मे २०१७

बतूल,

सलाम. अक्षर ओळखलंस की तू पत्र फाडशील, म्हणून कामाचं आधी लिहिते. महजूबने, तुझ्या भावाने, मला घरात कोंडलंय. मारझोड नाही, शिवीगाळ नाही, तसला माणूस तो कधीच नव्हता. दाराला कुलूप आहे, किल्ली बुटाच्या नाडीत ओवून त्याच्या गळ्यात आहे, आणि तो दाराशी खुर्ची टाकून कोट घालून बसलेला असतो. मी बाहेर जाते म्हटलं की उठून उभा राहतो आणि सांगतो, "मालक गावाला गेलेत. ते येईपर्यंत दार उघडायची परवानगी नाही."

आता कळलं ना तुला? हे वाक्य ओळखणारी माणसं या जगात फारशी उरलेली नाहीत. तू, मी आणि तो. मिठाच्या कोठाराचा राखणदार. तुझा भाऊ पुन्हा आपल्या त्या जुन्या नाटकात जाऊन बसलाय, आणि पडदा पाडायला तय्यबी मास्तर हयात नाहीत.

सुरुवात साधीच होती. चष्मा कुठे ठेवला ते आठवेना, मग शेजाऱ्यांची नावं आठवेनात. चाळीस वर्षं पोस्टात पत्रं वाटली त्या माणसाला आपली गल्ली सापडेना. गॅस दोनदा उघडा राहिला. पुढे आमच्या अन्वरचं नाव गेलं आणि त्यामागोमाग माझं. सकाळी चहा नेऊन दिला तर म्हणतो, "बाई, तुम्ही आत कशा आलात? माल मोजून ठेवलाय, कशाला हात लावू नका." स्वयंपाकात चिमूटभर मीठ घालायचं तर मला त्याची पाठ वळायची वाट बघावी लागते. हसू नकोस. म्हणजे, हस.

एकदा तो झोपल्यावर किल्ली काढून घेतली होती. सकाळी गळ्यात किल्ली नाही म्हटल्यावर त्याने जो आकांत मांडला, तो मी पुन्हा बघू शकणार नाही. "मालकांना काय सांगू, मालकांना काय सांगू," करत दारावर हात आपटत राहिला, बोटं सोलून निघाली. मीच किल्ली परत त्याच्या गळ्यात घातली.

अन्वर केनित्राला असतो, नोकरी सोडून रोज येऊ शकत नाही. गेल्या वेळी आला तेव्हा बापाने त्यालाही आत घेतलं नाही. भर गल्लीत उभं राहून तो ओरडला, "आई, आत आग लागली तर? तू जळून मेलीस तर मी काय करू?" पोरगं खोटं बोलत नाही. कासाब्लांकाला असल्या माणसांना ठेवून घेणारं एक घर आहे, तिथे त्याने बोलून ठेवलंय. ईदच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी आणि कुलूपवाला घेऊन येणार आहे. मी खिडकीतून रडले तेव्हा एवढंच कबूल केलंन, "बाबांनी स्वतःच्या हाताने दार उघडलं, तर मी त्यांना नेणार नाही."

म्हणून तुला लिहितेय. शेवटच्या प्रवेशातलं तुझं भाषण मला पाठव. राखणदाराची बायको बोलते आणि त्यानंतर तो दार उघडतो, ते. तालमी धरून मी ते कितीदा ऐकलं असेल, पण नेहमी दाराच्या पलीकडून. निम्मं फळीतच अडकायचं.

फोन करता आला असता, पण फोन वाजला की महजूबला कारखान्याचा भोंगा वाटतो. शेवटचा फोन त्याने हरिरा सुपाच्या पातेल्यात बुडवला. आणि खरं सांगू? फोनवर मला तुझ्याशी भांडता येईल, काही मागता येणार नाही.

हे पत्र टोपलीतून खाली जाईल. आमची खिडकी ब्राहिम वाण्याच्या दुकानावरच आहे. पाव, भाजी, औषधं दोरीने वर येतात. आज पहिल्यांदाच वरून काहीतरी खाली पाठवतेय.

तुझी वहिनी,
रकिया

साफी, २६ मे २०१७

बतूल,

तुझं पत्र आलं. तीन ओळींचं. "वहिनी, ज्याने माझ्यासाठी दार उघडलं नाही, त्याच्याकडून दार उघडून घ्यायला माझेच शब्द हवेत? त्याला म्हणावं, बसून राहा." खाली सहीसुद्धा नाही. ब्राहिमने टोपलीत पत्र ठेवताना वर बघून विचारलं, "परदेशातून? बरी बातमी आहे ना?" मी म्हटलं, नणंदेचं आहे. तो समजला.

तुझा राग मी नाकारत नाही. त्या दुपारी मी तुझ्या बाबांच्या घरात होते, तुला ठाऊक आहे. नाटकवाल्यांबरोबर परदेशी गेलेली मुलगी माझी नव्हे, मी सांगेपर्यंत तिला दार उघडायचं नाही, असं तुझ्या बाबांनी महजूबला बजावलं होतं. मग त्यांना अर्धांग झालं आणि वाचा गेली. आता सांगणार कोण? तू ते ऐकून ब्रसेल्सहून धावत आलीस, तर हा गडी दाराला पाठ लावून जमिनीवर बसलेला. बाहेर तू दार वाजवत होतीस. तीन, मग एक श्वास, मग एक. मी त्याच्या खांद्याला धरून हलवत होते. तो लाकडासारखा बसला होता. मग वाजायचं थांबलं.

ती टकटक माझी होती, बतूल. तू माझ्याकडून उचललेली.

उद्यापासून रोजे. घरात दोन माणसं, त्यातलं एक राखणीवर. बोलायला कोणी नाही, म्हणून तुझ्याशीच बोलते. तुला मनवायला नव्हे. तुला वाचायचं नसेल तर इथेच ठेवून दे.

माझ्या बाबांची अट आठवते? कुंभारटेकडीवर भट्टीसमोर उभं राहून त्यांनी तय्यबी मास्तरांना सांगितलं होतं, "पोरगी नाटकात जाईल. पण नाटकात दिसणार नाही." दुसरा कोणी असता तर निमूट टेकडी उतरून गेला असता. मास्तर गणिताचे, त्यांना अट घातली की आनंद व्हायचा. त्यांनी माझ्यासाठी दाराआडची बाई लिहिली. जी पहिल्या प्रवेशापासून बाहेरून दार वाजवते, जी कोण आहे, काय मागते, कधी कळत नाही. मला म्हणायचे, "रकिया, दिसायचं नाही. पण शेवटच्या रांगेत बसलेल्या बहिऱ्या म्हातारीला ऐकू आलीस पाहिजेस."

कसं वाजवू, विचारलं तर म्हणाले, तुमच्या गल्लीत कसं वाजवतात? तर आपल्याकडे बंदरात बोटी आल्या की सार्डीन मासळीच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि जी मुलगी आधी उठेल ती कामाला चला म्हणून बाकीच्यांची दारं वाजवत पळायची. तीन, श्वास घ्यायला थांबायचं कारण पळून धाप लागलेली, मग एक. तीच टकटक मी नाटकात आणली. पहिल्या प्रयोगाला शेवटच्या रांगेतल्या दोन बायका खरंच उठून चपला शोधायला लागल्या होत्या.

आणि तुमच्या घरची अट तर त्याहून भारी. बतूल नाटकात बायको होईल, पण नवरा महजूबच हवा. सख्खा भाऊ समोर असला म्हणजे गावाला बोलायला जागा नको. सगळं गाव ओळखणारं. तो तुला "माझे राणी" म्हणाला की मागून कोळी ओरडायचे, "अरे, बहीण आहे ती तुझी." तो इतका लाजला की दुसऱ्या प्रयोगापासून तुला "ए बाई" म्हणायला लागला, आणि मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. मी दाराच्या मागे अंधारात तोंडात पदर कोंबून हसत होते. तिथून मला तुम्ही दोघं कधी दिसला नाहीत. फळीच्या फटीतून उजेडाची एक रेघ यायची, तेवढंच माझं रंगमंचावरचं जग. पण सांगते तुला, त्या अरुंद जागेत मी जेवढी मोकळी होते तेवढी पुढे कुठेच नव्हते.

मांजराचं खरं कारण तर मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. दाराच्या बिजागऱ्या करकरत होत्या म्हणून तूच कारखान्यातून डब्यातलं तेल आणलंस. सार्डीनचं. मराकेशच्या स्पर्धेत, शेवटच्या प्रवेशात, तू डोळ्यांत पाणी आणून बोलतेयस, तो कुलूप काढतोय, दार उघडलं की बाहेर कोणीच नसायला हवं. दार उघडलं, मी ठरल्याप्रमाणे बाजूला सरले, आणि चौकटीत एक लठ्ठ पिवळी मांजर बिजागरी चाटत बसलेली. सभागृहात चिडीचूप. आपण मेलो असं वाटलं. परीक्षकांनी काय लिहिलं आठवतं? "मांजराचा उपयोग अर्थपूर्ण." मास्तर परतीच्या बसमध्ये साफी येईपर्यंत हसत होते.

महजूबने मला नाटकात कधी पाहिलंच नाही. ऐकलं मात्र रोज. माझ्या घरी मागणी घालायला आला तेव्हा त्याने आमचं दार असंच वाजवलं होतं, तीन, श्वास, एक. माझे बाबा आतून म्हणाले, "भोंगा तर झाला नाही, कोण आहे?" मी चुलीपाशी होते. मला तिथेच कळलं.

आणि आता तोच माणूस मला विचारतो, बाई, तुम्ही कोण.

खोटं लिहीत नाही. एखाद्या दिवशी वाटतं, घेऊन जाऊ दे अन्वरला. खिडकीतून वारा येतो, त्यात समुद्राचा वास असतो, पण समुद्र दिसत नाही. खाली शेजारची हज्जा मिलूदा बाजाराला निघाली की मी तिच्या पिशवीकडे बघत बसते. वाटतं, एकदा हा गेला की आधी टेकडीवर जाऊन दिवसभर बसेन, कोणी विचारणार नाही. मग हा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतो, कोटाचं बटण भलत्याच काजात अडकवलेलं असतं, आणि मला स्वतःचीच लाज वाटते. लाज वाटली म्हणून दार उघडत नाही, ते वेगळं.

भाषण पाठवू नकोस हवं तर. पण पत्राखाली सही करत जा.

रकिया

साफी, १४ जून २०१७

बतूल,

अल्ला तुझं भलं करो. या वेळी पाकीट जाड लागलं, ते मी खिडकीतच उभ्याने फोडलं. तुझं भाषण सबंध आठवतंय तुला, एक शब्द न गाळता. मांजरावर तू लिहिलंस ते वाचून मी एकटीच इतकी हसले की राखणदार तपास करायला आत आला. "कोठारात हसायला बंदी आहे," म्हणाला. मास्तरांनी हे वाक्य लिहिलं नव्हतं. हे त्याचं स्वतःचं.

आता काय झालं ते सांगते. रोजा सोडून झाल्यावर तो खजूर चघळत दाराशी बसला होता, जरा खुशीत होता. मी मिलूदाकडून टोपलीतून हिरवा शेला मागवून घेतला होता, तुझा होता तसा. तो डोक्यावरून घेतला, त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं:

"अरे, मालक गेला तेव्हा आपल्या पोराला दात नव्हते. आता त्याला मिसरूड फुटलंय. मिठाला कोणी पळवत नाही, ओल लागून ते आपल्या आपणच जातं. बाहेर होतं ते माणूस मीठ न्यायला आलेलं नव्हतं. ऐक. आता तर दारही वाजत नाही. गेलं ते माणूस. आता तरी उघड, निदान कोण होतं ते बघू."

तुझ्यासारखं जमलं नाही. माझा आवाज फळीमागचाच आहे, समोर आला की उघडा पडतो. पण शब्द सगळे नीट बोलले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान तिरकी करून, तालमीत मास्तरांचं ऐकायचा तशी. त्याचे डोळे भरून आले. हात किल्लीपाशी गेला.

मग त्याने दाराला कान लावला. बराच वेळ लावून धरला. आणि माझ्याकडे वळून अगदी समजुतीने म्हणाला, "तुम्ही छान बोलता बाई. पण दार वाजलंच नाही. वाजलंच नाही तर थांबणार कसं? उघडू कोणासाठी?"

आणि किल्ली कोटाच्या आत टाकली.

मी स्वयंपाकघरात जाऊन मटकन बसले. आधी रडले. मग बसल्या बसल्या तोच प्रवेश पुन्हा डोळ्यांसमोर आणला. डोळ्यांसमोर कसला, माझ्या बाजूला तर अंधारच असायचा. आणि मला कळलं की इतकी वर्षं मी नाटक चुकीचं समजत आले. मला वाटायचं, तुझ्या बोलण्याने तो दार उघडतो. मी मागे, मला कुठे दिसतंय? मी आपली दार वाजवून वाजवून ठरलेल्या जागी थांबायची, मग तू बोलायचीस, मग कुलूप निघायचं. पण तू तरी काय सांगत होतीस त्याला? आता वाजत नाही, एवढंच. तो उघडायचा ते मी थांबले म्हणून. बाहेरचं माणूस गेलं की काय, या भीतीने.

आणि आता बाहेर कोणी नाहीच. दाराआडची बाई आत आहे, राखणदाराला चहा करून देतेय. मग तो कोणासाठी उघडणार?

आतल्या खोलीत शिरून दार लावून वाजवून पाहिलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो धावत आला तो सरळ बाहेरच्या दाराशी, त्यालाच कान लावून उभा राहिला. माझ्या दाराकडे ढुंकून बघितलं नाही. कोठाराला दार एकच.

तेव्हा मला बाहेर जायला हवं. बाहेर जाण्यासाठी आधी बाहेर जायचं, असा हा घोळ आहे, मास्तर असते तर खूश झाले असते. ब्राहिमला विचारलंय, दुकानाची पाटी रंगवायला शिडी आणली होतीस ती कुठे आहे? तो वर बघतच राहिला. "खाला, तुमचे गुडघे?" मी म्हटलं, गुडघ्यांचं मी बघते, तू शिडीचं बघ. ईदच्या दुसऱ्या दिवशी, अन्वरच्या देखत, एकदाच काय ते होईल.

तू शेवटी जे विचारलंस, ते मी वाचलं. "त्या दुपारी मी निघून गेल्यावर त्याने दार उघडलं होतं का?" त्याचं उत्तर आज देत नाही. टाळत नाही, पण आज माझ्यात तेवढं बळ नाही.

सही केलीस, ती बघून बरं वाटलं.

रकिया

साफी, २८ जून २०१७

बतूल,

ईद मुबारक. उशिराच, पण काल हात रिकामा नव्हता.

अन्वर अकराच्या सुमाराला आला. गाडी, कुलूपवाला आणि बापासाठी नवा पायघोळ जेलाबा, नेताना घालायला. मी वरूनच सांगितलं, कुलूपवाल्याला चहा दे, ब्राहिमकडे बसव, आणि तू शिडी धर. पोराला वाटलं, आईचंही डोकं गेलं. "आई, खाली येऊ नकोस, मी विनंती करतो," म्हणत होता. तोवर माझ्या चपला खाली पडल्या होत्या. मिलूदा गल्लीभर सांगत सुटली, "बघू नका रे, बाई माणूस उतरतंय," म्हणजे ज्यांनी बघितलं नसतं त्यांनीही बघितलं. माझ्या बाबांना सांगायला हवं होतं, तुमची पोरगी शेवटी दिसली, सबंध गल्लीला, पायाकडून.

महजूबने उठूनसुद्धा पाहिलं नाही. त्याला खिडकीशी देणंघेणं नाही. त्याची जबाबदारी दाराची.

खाली पाय टेकले आणि मला भोवळ आली. एवढं मोकळं. अन्वर म्हणाला, चल वर, मी म्हटलं, थांब. आणि त्याला तिथेच सोडून मी चालत समुद्रावरच्या किल्ल्यापर्यंत गेले. कठड्याला टेकून उभी राहिले. बोटी आल्या होत्या, मांजरं होती, पोरं नव्या कपड्यांत पाव-सार्डीन खात होती. मी तुला सांगते, परत फिरावंसं वाटत नव्हतं. केनित्राला अन्वरकडे एक खोली आहे. बापाला नेलं असतं तर मला कोणी नाव ठेवलं नसतं. मी हे सगळं मनात स्वच्छ बोलून घेतलं. मग परत फिरले, कारण मला दार वाजवायचं होतं. एवढंच कारण होतं, दुसरं मोठं काही शोधू नकोस.

जिना चढून दाराशी आले. अन्वरला चार पायऱ्या खाली थांबवलं. इतक्या वर्षांत माझ्या घराचं दार मी बाहेरून असं निरखून पाहिलं नव्हतं. रंग उडालाय.

तीन. श्वास. एक.

आत खुर्ची करकरली. "मालक गावाला गेलेत," त्याचा आवाज आला. म्हातारा घोगरा नव्हे, तो जुना, स्पर्धेतला. मी पुन्हा वाजवलं. "ते येईपर्यंत परवानगी नाही." मी वाजवलं. तो त्याची वाक्यं बोलत गेला, एकही चुकलं नाही, मधे जिथे तू बोलायचीस तिथे तो तेवढा वेळ थांबायचा आणि मग पुढे जायचा. आत तो एकटा होता, बतूल, आणि तू त्याच्या समोर उभी होतीस. जिन्यावर अन्वर डोळे पुसत होता. त्याने हे नाटक कधी पाहिलेलं नाही.

मग ती जागा आली. मी वाजवायचं थांबवलं.

वाजवणं सोपं असतं. थांबून उभं राहणं किती कठीण, ते मला काल कळलं. आतून आवाज नाही. मिनिटं गेली की तास, मला सांगता यायचं नाही. अन्वरने खालून हळूच विचारलं, "आई, कुलूपवाल्याला बोलावू?" मी मान हलवली. मग किल्लीचा आवाज आला, आणि माझे पाय आपोआप बाजूला सरले. सवयच तशी लागलेली. दार उघडताना सरायचं, चौकट रिकामी दिसली पाहिजे. एक पाऊल सरले, भिंतीला पाठ लागली, तेव्हा भानावर आले. पुढे झाले आणि चौकटीत उभी राहिले.

दार उघडलं. त्याने उघडलं, त्याच्या हाताने, अन्वरच्या देखत.

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, आता विचारणार, बाई, तुम्ही कोण. तर तो घाबऱ्या घाबऱ्या कुजबुजला, "रकिया, तू दिसतेयस. मास्तर रागावतील."

बतूल, माझं नाव. दोन हिवाळे झाले असतील, ते मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "मास्तर घरी गेले रे. मला आत घेतोस ना?" त्याने माझा हात धरून मला आत घेतलं. अन्वरही मागोमाग आला, त्याला मात्र "तुम्ही कुठले?" असं विचारलं. मी म्हटलं, मदतीला आहे, येऊ दे. तिघं बसून आम्ही ईदची बिस्किटं खाल्ली. नवा जेलाबा त्याने घरातच घातला. अन्वर संध्याकाळी एकटाच परत गेला. कुलूपवाल्याकडून त्याने गॅसच्या चावीला एक कुलूप बसवून घेतलं, आणि ब्राहिमला शिडी तिथेच राहू दे म्हणून सांगून गेला. शब्दाला जागला पोरगा.

तो गेल्यावर महजूबने दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली गळ्यात टाकली आणि खुर्चीत बसला. आज सकाळी चहा नेला तर म्हणाला, बाई, आत कशा आलात. म्हणजे मी होते तिथेच आहे. फक्त आता मला बाहेर जायची वाट माहीत आहे, आणि परत यायची.

आता तुझं उत्तर.

काल दार उघडल्यावर मला आत घेण्याआधी त्याने माझ्या मागे वाकून पाहिलं, जिन्याकडे. म्हणाला, "बतूल कुठाय? ती पण वाजवत होती."

त्या दुपारी तू वाजवायचं थांबलीस, आणि तो उठला, बतूल. मी हलवून हलवून उठला नव्हता, तो तुझ्या थांबण्याने उठला. कडी काढली, दार उघडलं. गल्लीत ऊन होतं आणि कोणी नव्हतं. तो अनवाणी बसच्या अड्ड्यापर्यंत धावत गेला. तुझी बस सुटली होती. परत आला, बाबांच्या उशाशी बसला, आणि मला म्हणाला, "तिला कळवू नकोस. उघडलंच नाही असं समजू दे. उशिरा उघडलं यापेक्षा ते बरं." मी त्याचं ऐकलं. तू पत्र धाडलं नाहीस, म्हणून मीही फुगून बसले. काय मिळवलं आपण तिघांनी?

मी कोणाला दोष देत नाही. एवढंच सांगते की तुझा भाऊ असा आहे, वाजत असताना त्याला उघडता येत नाही.

तू ये. विमानाचं तुझं तू बघ, जिना माझ्या गुडघ्यांनाही जमतो, तुलाही जमेल. दार वाजव. तीन, श्वास, एक. तो आतून म्हणेल मालक गावाला गेलेत, त्याला म्हणू दे. वाजवत राहा. मग थांब. आणि या वेळी जाऊ नकोस.

तुझी,
रकिया